फक्त वाहक

ओतशाळेतल्या मोठ्या क्रेनपर्यंत पोचायला बावन्न पायऱ्या चढाव्या लागत. पायऱ्या म्हणजे भिंतीला उभे ठोकलेले लोखंडी गज. सव्विसाव्या गजापाशी जेमतेम दोन माणसं टेकतील एवढा एक कट्टा होता. अकरा वर्षं ती त्या कट्ट्याकडे ढुंकूनही न बघता वर जायची. गेल्या सात-आठ महिन्यांत मात्र तिथे थांबल्याशिवाय तिचा पुढचा हात वर जात नव्हता.

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. इतक्या उंचीवरून जमिनीवर पडलेला बोल्टसुद्धा तिला दिसायचा, म्हणून. क्रेनवर बसणारी ती एकटीच बाई. वितळलेल्या लोखंडानं काठोकाठ भरलेली दहा टनांची लेडल, म्हणजे घरातल्या खोलीएवढी बादलीच, ती भट्टीपासून साच्यांपर्यंत थेंब न सांडता न्यायची आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खाली उभं राहून तिला इशारे करायचे ते मुकेकाका. साठीला टेकलेले. काम चालू असताना अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तिनं एक शब्द ऐकला नव्हता, सगळं बोलणं हातांनी. आणि कॅन्टीनमध्ये बसले की त्यांच्या तोंडाला कुलूप लावायची सोय नव्हती, म्हणून थट्टेनं पडलेलं ते नाव.

"घारबाई, स्वतःच्या पोटऱ्या बघितल्यास का कधी?" एकदा चहा घेताना ते म्हणाले. "असल्या भरदार पोटऱ्या फुटबॉलवाल्यांच्या असतात. आणि चढताना धापा टाकतेस म्हातारीसारख्या. कुठला सामना खेळून येतेस रोज?"

"दिवसभर तुमचे हातवारे बघायचे म्हटल्यावर दम लागणारच," ती म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर हसली.

हसण्यावारी नेलं खरं, पण तिच्या मनाला ते लागून राहिलं. उजवा पाय डाव्याच्या आधी दमत होता, म्हणून ती हल्ली प्रत्येक गजावर डावा पाय आधी टाकायची आणि उरलेलं अंग हातांनी ओढून घ्यायची. घरी बुटक्या स्टुलावरून उठताना तिचा तळहात आपोआप मांडीवर जायचा आणि मांडीला रेटा देऊन ती उभी राहायची. तसं उठणारं माणूस तिनं लहानपणी रोज पाहिलं होतं. तो विचार डोक्यात आला की ती उठून काहीतरी काम काढायची.

ते माणूस म्हणजे तिचा दादा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. सातव्या वर्षी तो सारखा पडायला लागला, दहाव्या वर्षी चालायचा थांबला, तेविसाव्या वर्षी गेला. स्नायू झिजत जाण्याचा आजार. आईनं त्याला तेरा वर्षं पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर उचललं. वडील त्यातल्या तिसऱ्या वर्षीच हात झटकून निघून गेले होते. डॉक्टरांनी तेव्हा आईला समजावून सांगितलं होतं की हा आजार आईकडून येतो आणि मुलांना होतो. मुली फक्त वाहक असतात, त्यांना काही होत नाही.

ते वाक्य घरात कायमचं राहायला आलं. त्याच्यापायी घारीनं लग्नाचा विषय दोनदा आला तेव्हा दोनदा मोडून काढला. मुलगा झाला तर, या भीतीनं. भीती होती ती न जन्मलेल्या मुलाची. स्वतःच्या अंगाची भीती तिला कधी शिवलीच नव्हती.

वर्षाची तपासणी आली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं रक्ताचा कागद समोर धरला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दारू किती घेता?"

"घेत नाही."

"सगळेच असं म्हणतात. आठवड्यातून किती?"

"एक थेंब नाही."

"मग यकृताचे आकडे दुपटीवर कसे?" त्यानं कागदावर बोट आपटलं. "महिन्याभरानं परत रक्त द्यायचं. तेव्हाही असंच आलं तर मी क्रेनवर चढायचा दाखला देणार नाही. तोवर जपून."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला गेलं की हा माणूस आत्ताच दाखला थांबवायचा, म्हणून ती गप्प उठली. उठताना हात मांडीवर गेला. त्यानं पाहिलं नाही, तो पुढच्याची फाइल उघडत होता. दादाबद्दल त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं का, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तीस दिवस होते हातात. तीस दिवसांत अंगाला काय झालंय ते आपोआप बरं व्हावं, एवढीच तिची योजना.

अकराव्या दिवशी सकाळच्या पाळीत दुसरी ओतणी होती. भट्टी तिरकी झाली आणि लेडल भरली. मुकेकाकांनी तळहात वर केला. तिनं उजवा दांडा मागे घेतला, पोलादी दोर ताठ झाले, लेडल जमिनीवरून सुटली. डावा दांडा पुढे. अख्खी क्रेन धडधडत रुळांवरून निघाली. पलीकडच्या टोकाला साच्यांभोवती सहा माणसं तोंडावर जाळ्या ओढून वाट बघत होती.

अर्ध्या वाटेवर तिच्या छातीत काहीतरी फडफडलं.

हे आधीही व्हायचं. खोकलं की जायचं. ती खोकली. फडफड गेली नाही, उलट वाढली. ठोके एकमेकांच्या अंगावर आदळत होते. घाम फुटला, मग तो घाम थंड पडला. समोरचं दृश्य कडांकडून काळं होत आत सरकत आलं.

दांडा सोडला की क्रेन जागच्या जागी थांबते, हे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात. पण शुद्ध हरपलेलं माणूस दांडा सोडत नाही, त्याच्यावर कोसळतं. तिचं सगळं वजन डाव्या दांड्यावर पडलं, तर दहा टन लोखंड सरळ त्या सहा जणांवर जाणार होतं. आणि इथेच थांबावं, तर ते हवेत लोंबकळत राहणार, उतरवणारं कुणी नाही.

डाव्या अंगाला, भिंतीलगत, रिकाम्या लेडली ठेवायचं दणकट लोखंडी स्टँड होतं. तिथे कुणी नसायचं.

तिनं पायाखालची घंटा दाबली आणि दाबूनच ठेवली. खाली मुकेकाकांनी वर पाहिलं. तिला हात हलवणं शक्य नव्हतं, तिनं लेडल वीतभर डावीकडे सरकवली आणि थांबली. पुन्हा वीतभर. त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी आधी दोन्ही हात फैलावून साच्यांवरच्या माणसांना मागे हटवलं, मग धावत स्टँडपाशी जाऊन तोंड तिच्याकडे केलं. डावीकडे. अजून. हळू. अजून हळू.

स्टँड तिला दिसत नव्हतं. लेडलही धड दिसत नव्हती. दिसत होते फक्त दोन पिवळे हातमोजे, अंधाऱ्या नळीच्या दुसऱ्या टोकाला असावेत तसे. उजव्या मोज्याची बोटं खाली वळली. तिनं दांडा पुढे लोटला. मनगटात ताकद नव्हती, म्हणून कोपरानं लोटला. खाली, खाली, आणि मग दोन्ही मोजे एकमेकांवर आडवे झाले. थांब. दोर सैल पडले. लेडल टेकली होती.

तिनं दोन्ही हात दांड्यांवरून उचलून मांडीत घेतले. तेवढंच सुचलं.

डोळे उघडले तेव्हा केबिनच्या दारात मुकेकाका ओणवे झाले होते आणि भात्यासारखे धापत होते. या वयात ते बावन्न गज चढून, रुळांच्या कडेच्या हातभर रुंद वाटेवरून इथवर आले होते.

"ऐकू येतंय का?"

तिनं मान हलवली.

"बंबवाले निघालेत, पण त्यांना अर्धा तास लागेल. आणि आपल्या बुडाखाली दहा टन लोखंड धगधगतंय. बसून राहिलो तर दोघंही भाजून निघू. चल."

केबिनच्या काचा हात लावू नये इतक्या तापल्या होत्या. त्यांनी तिचा सुरक्षेचा पट्टा आवळला, त्याची साखळी स्वतःच्या पट्ट्यात अडकवली. अरुंद वाटेवरून ती उभी राहून गेली नाही, बसून सरकत गेली. उतरताना ते खाली, ती वर. तिचा प्रत्येक पाय ते हातानं धरून गजावर ठेवत होते.

"डावा. ठेवला. आता उजवा. सोड गं, मी धरलाय. माझ्या बायकोनं सांगितलंय, पेन्शन घेतल्याशिवाय मरायचं नाही, तेव्हा तू पडायचं नाहीस. डावा. शाबास."

कामाच्या वेळी ते बोलतात हे कारखान्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मधल्या कट्ट्यावर पोचल्यावर तिचा उजवा पाय हलेचना.

"काका, तो पाय माझा नाहीच," ती म्हणाली.

"नसू दे. माझा समज." त्यांनी तो आपल्या खांद्यावर घेतला आणि उरलेले सव्वीस गज तसेच उतरवले.

इस्पितळात तिच्या छातीला तारा चिकटवल्या. हृदयाच्या डॉक्टर मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. सोनोग्राफीचं यंत्र छातीवरून फिरवताना त्या पडद्यावर बराच वेळ एकाच जागी बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"हृदय मोठं झालंय आणि त्याच्या भिंती ढिल्या पडल्यात. निरोगी हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त पुढे ढकलतं, त्याच्या जेमतेम निम्मं तुमचं ढकलतंय. त्यातच ठोक्यांची लय बिघडली." त्यांची नजर पांघरुणाबाहेर आलेल्या पायांवर गेली. त्यांनी दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. "या पहिल्यापासून अशाच?"

"दोन-तीन वर्षं."

"घरात कुणाला स्नायूंचा आजार होता?"

एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं दादाचं सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं. मग घाईनं म्हणाली, "पण तो मुलांना होतो. मुली फक्त वाहक असतात."

"तेव्हा बरेच डॉक्टर असंच सांगायचे," त्या म्हणाल्या. "मुलीकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरी सांभाळून घेते. पुष्कळ जणींना आयुष्यभर काही होत नाही. काहींची मात्र चांगली प्रत कमी पडते. मग कुणाचे पाय थकतात, बहुतेक वेळा एक आधी. कुणाचं हृदय. कुणाचं दोन्ही. रक्ताची खास तपासणी करून आपण खात्री करू, पण मला फारशी शंका नाही."

"कारखान्यातला डॉक्टर म्हणाला, यकृत."

"ते आकडे झिजलेल्या स्नायूंमुळेही वाढतात. तुमचं यकृत ठणठणीत आहे." मग त्यांनी विचारलं, "आईचं हृदय कधी तपासलंय?"

दोघी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि आई आठ महिने जिना उतरली नव्हती. गुडघे गेलेत, म्हणायची. रात्री तीन उशा घेऊन झोपायची. आडवं झालं की बरं वाटत नाही, म्हणायची. वय झालं, म्हणायची. आणि घारीनं, पंधरा मीटरवरून बोल्ट बघणाऱ्या घारीनं, ते सगळं खरं धरलं होतं.

पाचव्या दिवशी गोळ्यांची पिशवी घेऊन ती घरी आली. जिना चढायला वीस मिनिटं लागली. आई दाराला धरून उभी होती. मुलीला बघून तिचा चेहरा वितळला, पण डॉक्टर काय म्हणाल्या हे ऐकताना तो पुन्हा घट्ट झाला.

"दादाची फाइल हवी आहे," घार म्हणाली. "जुने कागद बघायचेत त्यांना."

"टाकून दिली मी."

"आई, कपाटाच्या वरच्या खणात आहे. मला माहीत आहे."

"असू दे तिथेच. मेलेल्या पोराचे कागद कशाला उकरायचे?"

आई कधी असं बोलत नसे. घारीनं स्टूल न घेता, हात उंचावून फाइल ओढली. ओढताना एक पाकीट सुटून जमिनीवर पडलं. जाड, पिवळं पडलेलं, दादाच्या इस्पितळाचा शिक्का असलेलं, आणि न फोडलेलं. आईच्या नावाचं.

आई पाकिटाकडे बघत राहिली. घारीनं ते उचललं आणि फोडलं. एकच पान होतं. नवीन माहितीनुसार रुग्णाची आई आणि बहीण यांनी स्वतःची रक्ततपासणी व हृदयाची तपासणी करून घ्यावी, ठरावीक वर्षांनी पुन्हा करावी, लक्षणं नसली तरीही. खाली सही. तारीख चौदा वर्षांपूर्वीची.

"कधी आलं हे?"

"तो गेला त्याच आठवड्यात." आई पलंगाच्या कडेला बसली, बसताना दोन्ही हातांनी पलंग धरून. "मला वाटलं, आता काय लिहिलं असणार. तुमच्यामुळे झालं, एवढंच ना. ते मला ठाऊक होतं. ते कागदावर वाचायची ताकद नव्हती."

"त्यात माझंही नाव होतं, आई."

"मला काय माहीत गं?"

"फोडलं असतं तर कळलं असतं."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. चौदा वर्षं. तिच्या मनात राग होता, आणि तो राग कुणावर काढावा तेच समजत नव्हतं. समोरच्या बाईचे पाय सुजलेले होते. घोट्यापाशी मोज्याची खूण खोल रुतलेली. हे आधी का दिसलं नाही?

"पाय दाखव," ती म्हणाली.

"काही नाही झालं मला."

"दाखव."

तिनं बोटानं घोट्यावर दाबलं. खड्डा पडला, आणि तसाच राहिला.

"उद्या तपासायला जायचं."

"मी नाही येणार."

"का?"

आईनं तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याला मी दिलं. आता तुलाही दिलं. मला काही होत असेल तर होऊ दे. तेवढं तरी माझ्या वाट्याला येऊ दे."

घार तिच्या शेजारी बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसंही. तिनं दोन्ही केलं नाही. "तू दिलं नाहीस. तुला कुणी विचारलं होतं का, काय द्यायचं? तुझ्याही अंगात ते न विचारताच आलं. शिक्षा भोगायची असेल तर माझ्यासमोर नको भोगूस. एकाला जाताना बघितलंय मी. दुसऱ्यांदा बघायची माझी ताकद नाही, आणि आता तर हृदयही अर्धंच आहे."

शेवटचं वाक्य तिनं थट्टेनं म्हटलं होतं. आईनं ते थट्टेवारी घेतलं नाही. तिनं मुलीच्या छातीवर हात ठेवला, ताप बघावा तसा, आणि तसाच ठेवून बसली.

"जिना?" मग ती म्हणाली.

"बघू."

दुसऱ्या दिवशी मुकेकाका दोन भक्कम गडी आणि हातांची एक खुर्ची घेऊन आले. आईला खुर्चीत बसवून उतरवताना ते पुढून उलटं चालत हातांनी इशारे करत होते. हळू, डावीकडे, थांब. घार मागून कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. तिचा दाखला आदल्या दिवशीच कायमचा रद्द झाला होता. फोरमननं निरोप धाडला होता की माल पाठवायच्या विभागात एक छोटी क्रेन आहे, कमरेला बटणांची पेटी बांधून जमिनीवरून चालवायची, बरी झालीस की ये. तो निरोप ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला नुसतं उंचीवरून ढकलल्यासारखं वाटलं होतं. पुढे चार महिन्यांनी ती त्या कामावर गेली, आणि पहिले काही आठवडे मान वर करून जुन्या केबिनकडे बघायचं टाळत राहिली. पण त्या सकाळी हे सगळं अजून व्हायचं होतं. त्या सकाळी ती फक्त आईची मान बघत होती, प्रत्येक पायरीला हिसका बसणारी.

तपासणीच्या खोलीत त्याच डॉक्टर होत्या. आईच्या छातीवरून यंत्र फिरत असताना घारीची नजर पडद्यावर होती. पाच दिवसांत तिला बघायला एवढं आलं होतं की ती करडी पिशवी जोरात आवळायला हवी. पिशवी आवळतच नव्हती. नुसती थरथरल्यासारखी हलत होती. तिच्या स्वतःच्या हृदयापेक्षाही कमी.

डॉक्टरांनी आईला उठून बसायला मदत केली आणि काही न लपवता सांगितलं. हृदय बरंच थकलंय. पायाची सूज, दम, उशा, सगळं त्याचंच. गुडघे धड आहेत, मांड्यांचे स्नायू गेलेत. उशीर झालाय, पण औषध लागू पडणार नाही इतका नाही. मुलीला दिलेल्याच गोळ्या, शिवाय पाणी काढणारी एक. आठवड्यानं परत बघू.

आई ऐकत होती. तिनं पदर नीट केला, घसा साफ केला.

"एक विचारू? तेरा वर्षं मी त्याला उचलत होते. त्यानं झालं का हे?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे जन्मापासून तुमच्यात होतं. उलट असले स्नायू घेऊन तुम्ही तेरा वर्षं त्याला उचललंत कसं, ते मला सांगता येणार नाही."

आईनं मान खाली घातली. तिचे खांदे एकदा हलले, दोनदा, मग थांबले. घारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी तशाच बसल्या, आणि डॉक्टर कागदावर लिहीत राहिल्या.

कागद हातात आल्यावर आईनं तो डोळ्यांपासून लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.

"ही सकाळची," तिनं विचारलं, "खाण्याआधी घ्यायची की नंतर?"